फोटोत नितळ, हातात डागाळलेला: ऑनलाइन फोटोंवरून हिऱ्याची क्लॅरिटी कशी तपासावी

ऑनलाइन हिरा घेणाऱ्यांची तक्रार दोन रूपांत येते. पहिली अशी की, फोटोत नितळ दिसलेल्या हिऱ्यात प्रत्यक्ष पाहताना मधोमध काळा ठिपका दिसतो, नाहीतर सगळा हिराच धुरकट वाटतो. दुसरी बरोबर उलट. फोटोतले डाग बघून चांगला हिरा सोडला जातो आणि डोळ्यांना काडीचाही फरक न दिसणाऱ्या वरच्या ग्रेडसाठी जास्त पैसे मोजले जातात. दोन्हींचं मूळ एकच आहे. फोटो डाग किती पट मोठा करून दाखवतोय याचा हिशोब कोणी करत नाही, आणि जे दोष फोटोत उतरतच नाहीत ते मात्र फोटोत शोधले जातात.

क्लॅरिटीचा, म्हणजे हिऱ्याच्या नितळपणाचा, ग्रेड फोटोवरून ठरवता येत नाही, हे आधीच मान्य करून टाका. तो प्रयोगशाळा १०पट भिंगाखाली ठरवते, आणि त्यासाठी पाच गोष्टी बघते: डागाचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि उठाव. उठाव म्हणजे डाग आजूबाजूच्या हिऱ्यापेक्षा किती वेगळा, किती गडद दिसतो ते. जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मापपट्टीवर, सर्वांत नितळ ते सर्वांत डागाळलेला या क्रमाने, एफएल, आयएफ, व्हीव्हीएस१, व्हीव्हीएस२, व्हीएस१, व्हीएस२, एसआय१, एसआय२, आय१, आय२ आणि आय३ अशा ११ पायऱ्या आहेत. (एसआय३ हा ग्रेड कुठे दिसला तर तो जीआयएचा नाही, हे समजून जा.)

फोटोचं काम वेगळं आहे. ग्रेड कळल्यावर हा विशिष्ट हिरा नुसत्या डोळ्यांना कसा दिसेल, याचा अंदाज फोटो देतो. व्हीव्हीएसचे फोटो डाग शोधायला बघत बसणं म्हणजे वेळ घालवणं. तिथले डाग १०पट भिंगातही मुश्किलीने सापडतात. खरी गरज पडते ती व्हीएस२, एसआय१ आणि एसआय२ या पट्ट्यात. एका एसआय२ हिऱ्यात कडेला एकच पारदर्शक स्फटिक असतो आणि दुसऱ्यात टेबलाच्या, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूच्या, ऐन मध्यावर काळा कण. सर्टिफिकेटवर दोघांचा ग्रेड एकच.

डाग खूप मोठा दिसतोय: आधी माप काढा

सर्टिफिकेटवर हिऱ्याची मापं मिलिमीटरमध्ये असतात, उदाहरणार्थ ६.४८ – ६.५१ × ४.०१. पहिले दोन आकडे व्यासाचे. आता पडद्यावर हिरा किती मिलिमीटर रुंद दिसतो ते साध्या फूटपट्टीने मोजा. १३० मिमी भरला तर १३० भागिले ६.५, म्हणजे तुम्ही हिरा २०पट मोठा बघताय. प्रयोगशाळेच्या भिंगाच्या दुप्पट.

मोबाइलवर फूटपट्टी नीट चालत नाही, कारण बोटांनी चित्र लहानमोठं होत राहतं. तिथे फोटो जतन करून कुठल्याही फोटो संपादनाच्या ॲपमध्ये पिक्सेल मोजा. हिरा १३०० पिक्सेल रुंद आणि प्रत्यक्षात ६.५ मिमी असेल तर १ मिमी म्हणजे २०० पिक्सेल. २० पिक्सेलचा डाग म्हणजे ०.१ मिमी.

हा ०.१ मिमीचा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चांगली नजर साधारण १ कलेपर्यंतचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखते. २५ सेंटिमीटरवरून हे माप ०.०७ मिमीच्या आसपास येतं. त्यामुळे टेबलाखालचा गडद डाग ०.१ मिमीच्या पुढे गेला की तो डोळ्याला दिसण्याची शक्यता धरून चालावं. पांढरा किंवा पारदर्शक डाग याच्या दुप्पट-तिप्पट असूनही चकाकीत हरवतो. ही सीमारेषा काटेकोर नाही, पण "बापरे, केवढा डाग!" या पहिल्या प्रतिक्रियेपेक्षा खूप भरवशाची आहे.

याच हिशोबात एक चकवा लपलेला असतो. बहुतेक साइटवर अर्ध्या कॅरेटचा आणि दोन कॅरेटचा हिरा पडद्यावर सारख्याच आकाराचा दाखवतात. प्रत्यक्षात गोल हिरा अर्ध्या कॅरेटला सुमारे ५.१ मिमी, एक कॅरेटला ६.५ आणि दोन कॅरेटला ८.१ मिमी असतो. म्हणजे दोन फोटोंत अगदी तेवढाच दिसणारा ठिपका दोन कॅरेटच्या हिऱ्यात जवळपास १.६ पट मोठा असतो. लहान हिऱ्याचे फोटो बघून सरावलेला डोळा मोठ्या हिऱ्याला हमखास झुकतं माप देतो.

फोटो आणि सर्टिफिकेट जुळत नाहीत

सर्टिफिकेटचा क्रमांक प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून अहवाल उघडा. विक्रेत्याने जोडलेल्या चित्रावर थांबू नका. मग अहवालातली डागांची आकृती आणि फोटो शेजारी ठेवा. फोटोतला हिरा बहुधा वेगळ्या कोनात फिरलेला असतो, म्हणून सगळ्यात ठळक डाग दोन्हीकडे एकाच ठिकाणी येईपर्यंत फोटो फिरवा आणि त्यानंतर बाकीचे डाग ताडून बघा. एक डाग जुळला आणि उरलेले तीन भलत्याच जागी असतील तर फोटो बहुधा दुसऱ्या हिऱ्याचा आहे.

आकृतीत दोन चित्रं असतात, एक वरून आणि एक खालून. खालचं चित्र आरशातल्यासारखं उलटं असतं. हे न कळल्याने पुष्कळ जण योग्य फोटोही खोटा ठरवतात. लाल खूण आतल्या डागाची आणि हिरवी पृष्ठभागावरच्या दोषाची. लाल-हिरवी मिश्र खूण असेल तर दोष आतून पृष्ठभागापर्यंत आलेला आहे, जसा खळगा. काळ्या रेषेने जादा पैलू दाखवतात.

लहान हिऱ्यांच्या आटोपशीर अहवालात ही आकृती नसते. जीआयएच्या डॉसिए प्रकारात फक्त डागांच्या प्रकारांची यादी मिळते. यादीतलं पहिलं नाव सहसा ग्रेड ठरवणाऱ्या डागाचं असतं. पहिलं नाव 'फेदर' (पिसासारखी भेग) असेल आणि फोटोत मात्र फक्त काळा ठिपका दिसत असेल, तर विचारणा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. अशा वेळी गर्डलवर, म्हणजे हिऱ्याच्या सगळ्यात रुंद कडेवर, लेसरने कोरलेल्या क्रमांकाचा जवळून काढलेला फोटो मागा.

आकृती डाग कुठे आहे आणि साधारण केवढा आहे ते सांगते. तो काळा आहे की पांढरा, हे ती कधीच सांगत नाही. ते फोटोच सांगतो. म्हणून दोन्ही लागतात.

हा डाग आहे, प्रतिबिंब आहे की धूळ?

फक्त स्थिर फोटो असेल तर हे ठरवणं अवघड. फिरता व्हिडिओ असेल तर एक-एक चौकट (फ्रेम) थांबवत बघा.

हिरा फिरतो पण ठिपका पडद्यावर जागचा हलत नाही: कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ.

ठिपका हिऱ्याबरोबर फिरतो, नेहमी तितकाच ठळक राहतो आणि पैलूची कड ओलांडूनही अखंड दिसतो: पृष्ठभागावरची धूळ किंवा तंतू. आतला डाग पैलूच्या कडेपाशी तुटतो, उडी मारतो, एकाचे दोन होतात.

गोल हिऱ्याच्या मध्याभोवती आठ काळे बाण सममितीत दिसतात आणि फिरवल्यावर उजळतात: हे कॅमेऱ्याच्याच काळ्या भिंगाचं प्रतिबिंब. क्लॅरिटीशी याचा संबंध नाही. अंडाकृती, पेअर (थेंबाच्या आकाराचे) आणि मार्कीज (दोन्हीकडे टोकदार) हिऱ्यांच्या पोटात आडवी दिसणारी काळी 'बो टाय' ही पैलू पाडण्यातली गोष्ट आहे. ती खटकत असेल तर हिरा जरूर नाकारा, पण डाग म्हणून नाही.

एकसारखे सहा-आठ ठिपके मध्याभोवती गोलाकार मांडल्यासारखे दिसतात: डाग बहुधा एकच आहे, पण तळटोकाजवळ बसलाय. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२ असल्याने प्रकाश आत पुनःपुन्हा परावर्तित होतो आणि तळाजवळचा कण अनेक पैलूंतून एकदम दिसतो. हे बघून "एकच तर आहे" म्हणून निर्धास्त होऊ नका. डोळ्यालाही तो अनेकदाच दिसणार, आणि प्रयोगशाळाही ग्रेड देताना ही प्रतिबिंबं लक्षात घेते.

स्थिर फोटोत काही नाही, तरी ग्रेड एसआय२

मग दोष कुठेतरी आहेच. फोटोने तो गाळलाय. कॅमेरा वरच्या टेबलावर फोकस केला की खालच्या भागातला कण पुसट होतो. चौफेर पांढऱ्या, मऊ प्रकाशात पिसासारखी भेग, म्हणजे फेदर, पार गायब होते. ही भेग एका कोनातून केसासारखी रेघ दिसते, थोडं वळवलं की आरशाच्या तुकड्यासारखी क्षणभर चमकते. व्हिडिओत ती तीन-चार चौकटीच टिकते, म्हणून पूर्ण वेगाने बघितलेला व्हिडिओ इथे उपयोगाचा नाही.

भेगेच्या बाबतीत दिसण्यापेक्षा जागा महत्त्वाची. गर्डलपर्यंत पोहोचलेली लांब भेग, चौकोनी प्रिन्सेस कटच्या कोपऱ्यातली किंवा पेअर-मार्कीजच्या टोकातली भेग कोंदणाच्या नख्यांचा दाब पडला की वाढू शकते, तुकडाही उडू शकतो. अशा हिऱ्याला अल्ट्रासोनिक यंत्रात धुणंही टाळावं लागतं. याउलट कडेजवळचा गडद स्फटिक नखीखाली झाकता येतो आणि तो तिथे कोणाला त्रास देत नाही. गंमत अशी की फोटोत काळा स्फटिक भयानक दिसतो आणि भेग दिसतच नाही, त्यामुळे लोक नेमका उलटा निर्णय घेतात.

भेगेत निळी-जांभळी किंवा नारिंगी चमक सरकताना दिसली तर ती काचेसारख्या पदार्थाने भरलेली असू शकते. भरलेल्या भेगांच्या हिऱ्यांना जीआयए ग्रेड देत नाही. आणि दागिन्याच्या दुरुस्तीत सांधा जोडताना उष्णता लागली की हे भरण खराब होतं. लेसरने पाडलेलं छिद्र वेगळं. ते कायमचं असतं आणि त्याची नोंद अहवालात असते. पृष्ठभागापासून काळ्या कणापर्यंत जाणारी सरळ, बारीक पांढरी नळी दिसली की अहवालातल्या शेरा विभागात बघा.

धुरकटपणा: फोटो इथेच सगळ्यात जास्त फसवतो

परत आलेल्या हिऱ्यांत "डाग नव्हता, पण जीवच नव्हता" ही तक्रार वेगळी काढायला हवी. इथे दोष एका ठिपक्याचा नसतो. अतिसूक्ष्म कणांचे ढग हिऱ्याच्या मोठ्या भागात पसरलेले असतात आणि प्रकाश विखुरतात. प्रत्येक कण फोटोच्या एका पिक्सेलपेक्षाही लहान असतो, त्यामुळे कितीही मोठं करून बघितलं तरी "डाग" म्हणून काही सापडत नाही. त्यात विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरने कॉन्ट्रास्ट आपोआप वाढवला की उरलासुरला धूरही पुसला जातो.

पहिला पुरावा कागदावर असतो, फोटोत नाही. अहवालातले शेरे वाचा. 'क्लाउड्स आर नॉट शोन' हा शेरा व्हीएस हिऱ्यावर असेल तर बहुधा निरुपद्रवी. 'ॲडिशनल क्लाउड्स आर नॉट शोन' म्हणजे आकृतीत काही ढग दाखवले, आणखीही आहेत. एसआय१वर हा शेरा असेल तर सावध; एसआय२वर असेल तर धुरकटपणा नाही हे सिद्ध होईपर्यंत आहे असंच समजा. आणि 'क्लॅरिटी ग्रेड इज बेस्ड ऑन क्लाउड्स दॅट आर नॉट शोन' या शेऱ्याचा अर्थ असा की ज्यावरून ग्रेड उतरला तो ढग आकृतीत मावण्यासारखाच नव्हता. एसआय ग्रेडला हा शेरा असलेला हिरा नुसत्या फोटोवर घेऊ नये. आकृती स्वच्छ आणि ग्रेड एसआय२, असं जोडीने दिसलं की अनेक जण खुश होतात. प्रत्यक्षात सगळ्यात वाईट जोडी तीच.

फोटोतून तपासायचं झालं तर तुलना हवी. त्याच विक्रेत्याकडचा, त्याच आकाराचा, त्याच यंत्रावर टिपलेला व्हीव्हीएस हिरा शोधा आणि दोन्ही व्हिडिओ एकाच कोनात थांबवा. मग काळ्या भागांकडे बघा, चकाकीकडे नको. स्वच्छ हिऱ्यात बाण शाईसारखे काळे असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या. धुरकट हिऱ्यात तेच बाण राखाडी पडतात, कडा किंचित विरघळतात. डोळ्यावर विश्वास नसेल तर फोटो संपादनाच्या ॲपमधली रंगाचा आकडा दाखवणारं 'आयड्रॉपर' साधन वापरा: ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पांढरा. दोन्ही हिऱ्यांत सर्वांत गडद जागांचे पाच-सहा आकडे घ्या. तुमच्या हिऱ्याचे आकडे चार-पाच चौकटींत सातत्याने बरेच वर येत असतील तर शंका खरी धरा. एकाच चौकटीवरून निष्कर्ष नको, आणि वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या फोटोंची तर अशी तुलना करूच नका. प्रकाशयोजना बदलली की आकड्यांना अर्थ राहत नाही.

फ्लोरेसन्सला, म्हणजे अतिनील प्रकाशात हिरा उजळण्याच्या गुणाला, या बाबतीत नाहक बदनाम केलं जातं. तीव्र निळा फ्लोरेसन्स असलेले बहुतेक हिरे धुरकट नसतात. पण फ्लोरेसन्स तीव्र आणि जोडीला ढगांचा शेरा, असं असेल तर उन्हातला व्हिडिओ बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचा मामला थोडा निराळा आहे. एचपीएचटी (प्रचंड दाब आणि तापमानात वाढवण्याच्या) पद्धतीच्या हिऱ्यात धातूचे कण राहू शकतात. ते काळे दिसतात, पण एखाद्या कोनात धातूसारखे चमकतात. सीव्हीडी (वायूपासून थरावर थर चढवून वाढवलेल्या) हिऱ्यात ठिपके कमी, पण वाढीच्या थरांमुळे हलका तपकिरी किंवा अस्पष्ट भास येऊ शकतो, तोही व्हीएस ग्रेड असताना. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयए प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांना सुरुवातीला सांगितलेले ११ ग्रेड देत नाही, 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड' एवढंच लिहितं. म्हणजे काळ्या भागांच्या तुलनेची ही कसरत तिथे आणखीच गरजेची झाली.

कोणत्या आकाराला किती सूट

गोल, कुशन, रेडियंट अशा बारीक पैलूंच्या हिऱ्यांची चकाकी डाग पचवते. तिथे एक कॅरेटच्या आसपास एसआय१पर्यंत उतरून निवड करायला वाव आहे. एमरल्ड आणि आशर कट म्हणजे उघडी खिडकी: पैलू लांब आणि सपाट, डाग लपायला जागाच नाही. तिथे व्हीएस२च्या खाली फोटोवरून जाऊ नये, आणि व्हीएस२सुद्धा डाग टेबलाबाहेर असेल तरच. दोन कॅरेटच्या पुढे प्रत्येक आकाराला एक पायरी वर चढा.

विक्रेत्याला काय विचारायचं

"आय-क्लीन (नुसत्या डोळ्यांना नितळ) आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी, कारण उत्तर नेहमी 'हो' येतं. प्रत्येकाची व्याख्या वेगळी आहे. आधी विचारा, हिरा तुमच्या हाताशी आहे का? बऱ्याच साइट दुसऱ्यांचा साठा यादीत दाखवतात. फोटो पुरवठादाराने काढलेला असतो आणि उत्तर देणाऱ्याने हिरा बघितलेलाही नसतो. हाताशी नसेल तर मागवून तपासायला सांगा, नाहीतर पुढचे प्रश्न वाया.

मग असं लिहून विचारा: २५ सेंटिमीटर अंतरावरून, थेट झोत नसलेल्या उजेडात, वरून बघितल्यावर आकृतीतला अमुक डाग नुसत्या डोळ्यांना दिसतो का? बाजूने तिरपं धरल्यावर दिसतो का? हिरा मिल्की (दुधाळ) किंवा धुरकट आहे का? दिसणारा डाग काळा, पांढरा की पारदर्शक? एकेका प्रश्नाचं वेगळं उत्तर घ्या, आणि लेखी. सोबत साध्या मोबाइलवर चिमट्यात धरून काढलेला दोन व्हिडिओंचा संच मागा: एक खिडकीजवळच्या सावलीत, एक छताच्या दिव्याखाली. यंत्रावरच्या देखण्या व्हिडिओपेक्षा हे ओबडधोबड व्हिडिओ जास्त खरं बोलतात. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे.

परतीची मुदत किती दिवसांची आणि ती कधीपासून मोजतात, हिरा मिळाल्यापासून की पाठवल्यापासून, हे पैसे भरण्याआधी वाचा. कोंदणात बसवलेला हिरा परत घेण्याच्या अटी बहुधा कडक असतात, म्हणून शंका असेल तर सुटाच मागवा.

हातात आल्यावर

आधी धुवा. बोटांचं तेल लागलेला स्वच्छ हिराही मलूल दिसतो. कोमट पाणी, भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, आणि पाणी वाटीत घ्या, बेसिनच्या तोंडावर नको. तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसून पुढे चिमट्यानेच उचला.

१०पट भिंगातून बघताना मागे काळा कागद ठेवा आणि बारीक विजेरीचा उजेड बाजूने सोडा. ढग आणि भेगा अशाच उजळून दिसतात. समोरून झोत मारला तर फक्त चकाकी दिसेल. गर्डलवरचा क्रमांक आणि आकृतीतला ठळक डाग जुळवा. मग भिंग बाजूला ठेवून हिरा चार उजेडांत बघा: खिडकीची सावली, खोलीतला दिवा, ऊन, झाडाखालचा कवडसा. धुरकटपणा सावलीतच पकडला जातो, कारण झगझगीत दिव्याखाली खराब हिराही चमकून घेतो. भिंगातून एकदा डाग बघितला की डोळा तो नंतर भिंगाशिवायही "शोधून काढतो". म्हणून ज्याला डागाची जागा माहीत नाही अशा माणसाला हिरा दाखवा आणि काही खटकतं का एवढंच विचारा. त्याने अर्ध्या मिनिटात नेमकी जागा दाखवली, तर मुदतीच्या आत हिरा परत पाठवा.